रविवारी "खरा देव" म्हणायचं आणि सोमवारी पोरांचे पगार कापायचे?

पत्र थोडं छाटून देतेय, ओळख पटेल असं काढून टाकलंय:

"ताई, माझं माहेर मिरजेचं, आम्ही प्रॉटेस्टंट. लग्न होऊन पर्वरीला आले, सासर कॅथलिक. किनाऱ्याकडच्या एका गेस्टहाऊसचे अकाउंट्स बघते. ऑफिसमधली मैत्रीण परवा म्हणाली, येशू मोठा संत होता, चांगलं शिकवलं त्याने, आम्ही पण मानतो, पण देव कशाला म्हणता? वर एक व्हिडिओ पाठवला की 325 साली एका राजाने मतदान घेऊन येशूला देव बनवला. मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून घरी संध्याकाळी तेर्साला (माळेच्या प्रार्थनेला) बसले की वाटतं मी नुसतं तोंडाने म्हणतेय. दुसरी गोष्ट जास्त टोचते. मालक रूमवरच्या पोरांच्या पगारातून फुटलेल्या ग्लासांचे, हरवलेल्या टॉवेलांचे पैसे कापायला सांगतो, टिप्सच्या डब्यातले पण सगळे वाटत नाही, आणि रजिस्टर मीच लिहिते. येशूबद्दल मला असा संशय येतो, हे पाप आहे का? आणि येशूला देव मानून रोज जगायचं म्हणजे नक्की करायचं काय? नवऱ्याला यातलं काही बोललेले नाही."

अगं, आधी तो व्हिडिओ निपटू. त्यात फार दम नाही, पण उत्तर माहीत नसलं की उगीच डोकं खात राहतं.

325 साली निकाया नावाच्या गावात, आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची मोठी सभा झाली हे खरं आणि ती कॉन्स्टंटाइन बादशहाने बोलावली हेही खरं. 2025 मध्ये त्याला 1700 वर्षं झाली म्हणून त्यावर सगळीकडे बोललं गेलं, असले व्हिडिओ पण त्याच लाटेत फिरले असणार. पण तिथलं भांडण "येशू साधा माणूस की देव" असं नव्हतंच मुळी. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू होता, त्याचं म्हणणं पुत्र, म्हणजे येशू, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांहून थोर, पण शेवटी निर्माण केलेला, म्हणजे कधीतरी तो नव्हता. म्हणजे बघ, एरियस पण ख्रिस्ताला साधा गुरू म्हणत नव्हता, त्याचे लोक पण ख्रिस्ताचीच भजनं गात होते. बाकीच्यांचा सवाल एवढाच, की बाबा निर्माण केलेला असेल तर मग आपण इतकी वर्षं गुडघे टेकतोय ते कोणापुढे? त्यावरून सभेने ठरवलं की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा. आणि राजाने हुकूम काढून देव बनवला असता तर विषय तिथेच मिटायला हवा होता ना, उलट पुढे पन्नासेक वर्षं धुमश्चक्री चालली, खुद्द कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँशियस एरियसवाल्यांकडे झुकलेला आणि निकायाचं मत धरून बसलेल्या अथनेशियस बिशपला वेगवेगळ्या बादशहांनी मिळून पाच वेळा हद्दपार केलं. राजवाड्याचंच चाललं असतं तर आज सगळे चर्चवाले एरियसचंच म्हणत बसले असते.

शिवाय त्याच्या कितीतरी आधी, 112 च्या आसपास, प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर आपल्या बादशहाला पत्र लिहितो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत गातात. हा माणूस ख्रिस्त्यांच्या बाजूचा नव्हे, तो त्यांना शिक्षा देत होता. त्याच्याही आधी बायबलमधलं पौलाचं फिलिप्पैकरांना पत्र, येशूला क्रुसावर दिलं त्याला जेमतेम तीसेक वर्षं झालेली, त्यात सरळ लिहिलंय की तो देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. लिहिणारा पौल यहुदी, पहिले शिष्य यहुदी, म्हणजे "देव एकच" हे रोज म्हणणारी माणसं, माणसापुढे देव म्हणून वाकणं हे ज्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पातक. तेच लोक तिथपर्यंत आले. का आले ते बघण्यासारखं आहे, मतदान नव्हे.

मैत्रिणीवर रागावू नकोस बरं का. देव माणसाच्या रूपात येतो ही गोष्ट तिच्या घरात परकी नाही, ती तिच्या परीने तुझ्या येशूला देवघरात जागा देतेय, गोव्यात तर हे आपण रोज बघतो, म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या (मारियेच्या) फेस्ताला तेल घेऊन येणाऱ्यांत हिंदू किती असतात ते बघ एकदा. तिचं "संत होता" हे आदराचंच बोलणं आहे. फक्त ज्यांनी त्याला समोरासमोर ऐकलं त्यांना तो नुसता चांगलं शिकवणारा वाटला नाही एवढं खरं. कफर्णहूमला चार जणांनी छप्पर उचकटून एका लुळ्या माणसाला खाली सोडला, मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात आहे, तर येशू त्याला आधी काय म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय कोण पापांची क्षमा करणार? प्रश्न त्यांचा बरोबरच होता! पुढे योहानाच्या शुभवर्तमानात लोक दगड उचलतात आणि कारण पण सांगतात, तू माणूस असून स्वतःला देव म्हणवतोस. चांगल्या कीर्तनकारावर कोणी दगड उचलत नाही.

आणि अजून एक, आपल्या विश्वासांगिकारात, म्हणजे आपण काय मानतो ते म्हणतो त्यात, बघ, रविवारी सगळे घडाघडा म्हणतात आणि मधेच एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव येतं, पोंती पिलात. यहुदियाचा रोमन सुभेदार, सन 26 ते 36. देवाच्या नावाबरोबर दर रविवारी एका सुभेदाराचं नाव कशाला? कारण आपलं म्हणणंच असं आहे की हे एकदा घडलं, अमक्या प्रांतात, अमक्याच्या अमलात, गुलामांना आणि बंडखोरांना देतात त्या शिक्षेने तो मेला. इथेच मैत्रिणीचं आणि तुझं म्हणणं वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे हसत सांगून टाक, एका जेवणाच्या सुट्टीत तेवढं पुरे. पटवायला जाऊ नकोस. वादात जिंकून कोणी गुडघे टेकलेले मी तरी बघितले नाहीत.

आता तुझ्याकडे येते. "नुसतं तोंडाने म्हणतेय" असं लिहिलंयस. मला विचारशील तर पेत्र आणि बाकीची शिष्यमंडळी पण आधी पटवून घेऊन मग मागे गेली नव्हती. आधी जाळी टाकून निघाले, त्याच्याबरोबर जेवले, होडीत घाबरले, पेत्राच्या तर सासूला ताप आला होता तो येशूने घरात शिरून उतरवला (सून म्हणून हे वाक्य तुझ्या लक्षात राहील!). एवढं सगळं बरोबर जगून झाल्यावर मग फिलिप्पाच्या कैसरियाकडे तो विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? तेव्हा पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. आणि हे इतकं बरोबर उत्तर देणाऱ्या पेत्राला पुढच्या काही ओळींतच सणसणीत बोलणी बसतात, का तर मला दुःख सोसायचंय, मरायचंय असं येशू म्हणाल्यावर ते पेत्राला चालेना. देव हवा होता, पण मार खाणारा देव नको होता. उत्तर तोंडपाठ असूनही माणूस असा अडकतो. म्हणून तोंडाने म्हणतेयस याची एवढी लाज वाटून घेऊ नकोस, तोंडाने म्हणत म्हणतच पुढे जायचं असतं, फक्त तिथेच थांबू नये.

आणि संशय पाप आहे का म्हणशील तर, नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थान झालेला येशू गालीलातल्या डोंगरावर समोर उभा आहे, अकरा जण नमन करतात आणि तिथेच लिहिलंय की कित्येकांना संशय वाटला. समोर उभा असताना! आणि येशू त्यांना बाजूला काढत नाही, संशयवाल्यांसकट सगळ्यांना जगभर जायचं काम देतो. दुसरीकडे एक बाप आजारी पोराला घेऊन येतो आणि ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्याचं पोर बरं होतं. तेर्साला मन लागत नसेल तेव्हा हीच प्रार्थना कर, एका ओळीची आहे.

संशयाचं मला एवढं वाटत नाही, पगार कापण्याचं वाटतं. तू पत्रात संशयाबद्दल पाप का म्हणून विचारलंस आणि पगाराबद्दल नाही विचारलंस, हे जरा परत वाचून बघ.

योहानाचा तेरावा अध्याय काढ. शेवटच्या जेवणाची रात्र. तिथे पाय धुण्याच्या आधी एक वाक्य आहे ते आपण सगळेच घाईत वाचून जातो: पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय हे येशूला ठाऊक होतं, म्हणून तो उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेऊन कमरेला बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. देव आहे हे माहीत असूनही केलं असं तिथे म्हटलेलं नाही गं, माहीत होतं आणि उठला. सगळं हातात आलेलं आहे आणि त्या हातांनी तो पहिलं काम करतो ते घरच्या गड्याचं, त्यात यहुदाचे पण पाय आले, जो त्याच रात्री धरून देणार होता. येशू देव आहे असं आपण म्हणतो तेव्हा आपला देव बाकीच्यांहून भारी असं काही सांगायचं नसतं, देव असा आहे असं सांगायचं असतं. अधिकार हातात आला की तो काय करतो, ते तिथे दिसतं. आणि तुझ्या हातात थोडासा का होईना अधिकार आहे, पेन आहे, रजिस्टर आहे. ओडिशाहून, झारखंडहून आलेलं पोरगं, सीझनभर सकाळी सातपासून चादरी बदलतं, त्याला कागदावर काय लिहिलंय ते वाचता पण येत नसेल, महिन्याच्या शेवटी हातात कमी का आले हे विचारायला तुझ्या टेबलापाशी येतं. येशूला देव मानून रोज जगायचं म्हणजे काय, याचं तुझ्यापुरतं उत्तर त्या टेबलावर आहे. चर्चमध्ये पण आहे, पण तिथे तू जातेसच. याकोबाच्या पत्रात तर थेट आलंय, मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि तो आवाज प्रभूच्या कानापर्यंत गेलाय.

आता करायचं काय ते सांगते, आणि नोकरी सोड वगैरे मी म्हणणार नाही, घराचे हप्ते कोणाला चुकलेत. कायद्याने पण नुकसानीचे पैसे असे सरसकट कापता येत नाहीत, त्या माणसाच्या हयगयीने नुकसान झालेलं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि झालं त्याहून जास्त कापता येत नाही. तर रजिस्टरमध्ये रकाने वाढव, काय फुटलं, कधी, कोणाच्या हातून, त्याला विचारलं का, तो काय म्हणाला. गेस्टने टॉवेल बॅगेत घालून नेला तर तसंच लिही, गेस्टने नेला. मालकाला शांतपणे सांग की लेबरवाले आले तर सही माझी असते, मला हे असंच लिहावं लागेल. धर्माचं काही बोलूच नकोस तिथे, उगाच त्याला हसायला मिळेल. बहुतेक मालक कागदाला घाबरतात, देवाला नाही. टिप्सचं मात्र पोरांसमोर मोजायचा हट्ट धर, शनिवारी संध्याकाळी डबा उघडायचा, तिथल्या तिथे मोजायचा, वहीत आकडा, सगळ्यांच्या सह्या नाहीतर अंगठे. एवढ्यावर पण तो चिडला आणि तुला खोटंच लिहायला लावलं, तर मग सीझन संपेपर्यंत दुसरीकडे बघायला लाग, हिशोब येणाऱ्या माणसाला पणजी-म्हापशात काम मिळतं.

आणि जे आधीच कापलं गेलंय त्याचं? जक्कय नावाचा जकातदार होता, येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि हा उठून म्हणाला ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. तुझ्या खिशातून चौपट दे असं मी म्हणत नाही, पैसे तू खाल्ले नाहीस. पण कोणाचे किती चुकीचे कापले ते तुलाच माहितीय, ती यादी कर आणि पुढच्या पगारात दुरुस्ती म्हणून मालकापुढे ठेव. सगळं मंजूर होणार नाही, दोघातिघांचं झालं तरी झालं. (मत्तय पण जकात नाक्यावरूनच उठून आला होता, तेव्हा हिशोबवाल्यांचं या धर्मात वाईट चाललेलं नाही!)

असं जगलेला माणूस लांबचा नको असेल तर आपल्याच सांकवाळचा जुझे वाझ बघ, 1651 साली बाणावलीला जन्मला, पाद्री झाला आणि 1687 मध्ये श्रीलंकेला गेला, तिथे डचांची बंदी होती म्हणून मजुराच्या वेषात. पकडला गेला, कँडीत पोर्तुगीज हेर म्हणून कैदेत पडला. पुढे 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, राजा आणि दरबारी शहर सोडून पळाले, घरच्यांनी आपली आजारी माणसं टाकली, आणि हा आपल्या भाच्याला, तो पण पाद्रीच, बरोबर घेऊन त्या आजाऱ्यांचं सगळं करत राहिला, अन्नपाणी, साफसफाई, पुरणं सुद्धा. ख्रिस्ती का बुद्धाचा असं विचारलं नाही. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केलं. दासाचं रूप घेतलं हे पौलाचं वाक्य या माणसाने अक्षरशः अंगावर घातलं होतं. सांकवाळ तुझ्यापासून लांब नाही, एखाद्या रविवारी नवऱ्याला घेऊन जाऊन ये.

रोजच्या प्रार्थनेचं म्हणशील तर नवीन काही लावून घेऊ नकोस, गोव्यात आहे तेच वापर. दुपारी बारा वाजता चर्चची घंटा होते ना, आंजेलची, त्या प्रार्थनेत मधेच आहे, शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. निकायात ज्यावरून एवढं रण झालं ते सगळं या एका ओळीत, आणि ती घंटा बरोबर तू हिशोबात बुडालेली असताना वाजते. पेन खाली ठेव, ओळ मनात म्हण, आणि पुढची एंट्री खरी लिही. ऑफिसपर्यंत घंटा ऐकू येत नसेल तर फोनला अलार्म लाव, त्यात कमीपणा काही नाही.

तेर्साचं मला कळतं, मिरजेला घरी तुम्ही बायबल वाचायचात, गाणी म्हणायचात, माळ नव्हती. मारियेच्या नावाने सुरू होतं म्हणून अडखळत असशील तर त्यातले प्रसंग धर, बेथलेहेम, गेथशेमने, क्रूस, रिकामी कबर, सगळे येशूचेच आहेत. आणि मांयला, सासूबाईंना, सांगून बघ, तेर्सानंतर पाच मिनिटं मी मराठीतून मार्क वाचते म्हणून. सोळाच अध्याय आहेत, पावसाळ्यात आरामात होईल. कोणी म्हणालं की इथे मराठीत कुठे, तर राशोलला 1616 साली फादर स्टीफन्सनी येशूची अख्खी कथा मराठी ओव्यांत छापली होती, गोव्यातल्या ख्रिस्त्यांच्या कित्येक पिढ्या चर्चमध्ये त्याच ओव्या ऐकत वाढल्या, हे सांग. तुझं माहेर आणि सासर वेगळ्या चर्चचं असलं तरी निकायाचा तो विश्वासांगिकार दोघांचाही एकच आहे, त्यामुळे भांडायला कारण नाही, वाचायला आहे. आणि तेर्स संपला की पोरं मोठ्यांकडे बेसांव (आशीर्वाद) मागतात तेव्हा तूही मागत जा, सून म्हणून लाजू नकोस, मांयला बरं वाटेल.

नवऱ्याला सांग. संशयाचं आधी नको, आधी रजिस्टरचं सांग, कारण त्याचा परिणाम घरच्या पैशावर होऊ शकतो आणि ते त्याला दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तुझं सगळं बोलणं राहील बाजूला. मालकाशी बोलायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी, म्हणजे त्याला पण विचार करायला वेळ मिळेल. तो म्हणेल कशाला लफड्यात पडतेस. म्हणू दे, लगेच उत्तर देऊ नकोस, ती यादी दाखव त्याला, पोरांची नावं आणि आकडे. संशयाचं नंतर मार्क वाचता वाचता आपोआप निघेल, आणि मला वाटतं त्याच्याकडे पण थोडाफार असेलच, लहानपणापासून म्हणत आलेल्या माणसाला कोणी कधी विचारलेलंच नसतं. मालक काय म्हणाला ते मला कळव.